स्कॉटलंडचं दुसरं सार्वमत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्कॉटलंडमध्ये शिकायला किंवा नोकरीला आलेली मराठी मंडळी आणि त्यांच्या घरचे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सरळ प्रश्न आधी, गुंतागुंतीचे नंतर. एकाच गोष्टीची पुनरुक्ती नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘इंडीरेफ टू’ म्हणजे नेमकं काय? पहिलं कधी झालं?

पहिलं सार्वमत १८ सप्टेंबर २०१४ रोजी झालं. मतपत्रिकेवर एकच प्रश्न होता: स्कॉटलंड हा स्वतंत्र देश असावा का? ‘हो’ला १६,१७,९८९ मतं पडली, ‘नाही’ला २०,०१,९२६. टक्क्यांत ४४.७ विरुद्ध ५५.३. मतदान ८४.६ टक्के झालं. सर्वांना मताधिकार मिळाल्यापासून ब्रिटनमधल्या कोणत्याही निवडणुकीत किंवा सार्वमतात मतदानाची टक्केवारी इतकी वर गेली नव्हती. हाच प्रश्न लोकांना पुन्हा विचारावा, या मागणीला ‘इंडीरेफ टू’ म्हणतात.

२. स्कॉटलंडचा फुटबॉल संघ वेगळा, नोटा वेगळ्या. मग तो आधीच देश नाही का?

देश आहे, पण सार्वभौम नाही. १६०३ साली स्कॉटलंड आणि इंग्लंडचा राजा एक झाला, १७०७ साली संसद एक झाली. कायदा, शिक्षण आणि चर्च मात्र स्कॉटलंडचं वेगळंच राहिलं. १९९७ च्या सार्वमतात ७४.३ टक्के लोकांनी स्वतःच्या संसदेला संमती दिली आणि १९९९ पासून ती एडिनबरात भरते (२००४ पासून हॉलीरूड भागातल्या इमारतीत, म्हणून तिलाच ‘हॉलीरूड’ म्हणतात). आरोग्य, शिक्षण, पोलीस हे विषय तिच्याकडे आहेत. संरक्षण, परराष्ट्र धोरण, चलन आणि व्हिसाचे नियम लंडनच्या हातात आहेत. नोटा स्कॉटिश बँका छापतात, पण त्या पौंडाच्याच असतात.

पुढचं सगळं समजायला एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. भारतात एखाद्या राज्याने फुटून निघण्याची वाट घटनेत नाही. ब्रिटनला एकसंध लिखित घटना नाही आणि हे एकत्र राहणं स्वखुशीचं आहे, असं दोन्ही बाजूंचे नेते उघडपणे म्हणत आले आहेत. २०१४ साली ‘हो’ जिंकलं असतं, तर लंडनने ते मान्य केलं असतं. म्हणून ‘जाता येतं का’ हा इथला वाद नाही. ‘केव्हा विचारायचं आणि कोणी ठरवायचं’ यावर भांडण आहे.

३. ५५-४५ असा स्पष्ट निकाल लागला होता. मग विषय संपला का नाही?

दोन कारणं आहेत, एक लहान आणि एक फार मोठं.

लहान कारण म्हणजे मतदानाच्या दोन दिवस आधी छापून आलेलं वचन. डेव्हिड कॅमेरन, एड मिलिबँड आणि निक क्लेग या तीन पक्षनेत्यांनी ‘डेली रेकॉर्ड’ या वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर सही करून सांगितलं की, ‘नाही’ म्हणा, स्कॉटिश संसदेला आणखी अधिकार देऊ. ‘द व्हाउ’ या नावाने ते आजही आठवलं जातं. पुढे २०१६ च्या स्कॉटलंड कायद्याने आयकराचे दर आणि काही कल्याणकारी योजना हॉलीरूडकडे आल्या. वचन पाळलं की अर्धवट सोडलं, यावर आजही एकमत नाही.

मोठं कारण ब्रेक्झिट. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनने युरोपीय संघ सोडायचं ठरवलं, पण स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के लोकांनी राहायला मत दिलं होतं. ३२ पैकी एकाही कौन्सिल क्षेत्रात ‘बाहेर पडा’ जिंकलं नाही. २०१४ च्या प्रचारात ‘युरोपात टिकायचं असेल तर ब्रिटनमध्ये राहा’ हा ‘नाही’ बाजूचा ठळक मुद्दा होता. ज्यांनी तो ऐकून मत दिलं, त्यांच्यापैकी अनेकांना आपली फसवणूक झाल्यासारखं वाटलं. त्यांचं हे दुःख मला खरं वाटतं. ज्या अटीवर मत मागितलं ती अटच नंतर नाहीशी झाली, तर मतदाराने पुन्हा विचारायचा आग्रह धरणं गैर नाही.

४. पण ‘पिढीतून एकदाच’ असं स्वातंत्र्यवाद्यांनीच म्हटलं होतं ना?

होय. तेव्हाचे फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे स्कॉटिश सरकारचे प्रमुख, ॲलेक्स सॅमंड यांनी तसं जाहीरपणे म्हटलं होतं आणि स्कॉटिश सरकारच्या स्वातंत्र्याबद्दलच्या जाडजूड दस्तऐवजातही तो शब्दप्रयोग होता. स्कॉटिश नॅशनल पार्टीचे, म्हणजे एसएनपीचे, लोक सांगतात की ते केवळ मत होतं, करार नव्हता. कराराच्या दृष्टीने ते बरोबर आहे. ऑक्टोबर २०१२ च्या एडिनबरा करारात पुढचं मतदान किती वर्षांनी घ्यायचं याचा उल्लेखच नाही. तरी लाखो लोकांनी ‘आता एकदाचं ठरवून टाकू’ अशा समजुतीने मत दिलं होतं. त्यांची चीड केवळ कागद दाखवून निवत नाही.

५. ज्यांना स्वातंत्र्य हवं, त्या सगळ्यांना पुन्हा मतदान हवं असतं का?

नाही. बाहेरून पाहणाऱ्याची सगळ्यात जास्त गल्लत इथेच होते. ‘स्वातंत्र्य हवं का’ आणि ‘आत्ता मतदान हवं का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

एक गट म्हणतो, स्वातंत्र्य हवं आणि मतदान लवकर हवं. २०१८ नंतर ग्लासगो आणि एडिनबराच्या रस्त्यांवर निघालेले ‘ऑल अंडर वन बॅनर’चे मोर्चे या लोकांचे. दुसऱ्या गटाला स्वातंत्र्य हवं आहे, पण घाई नको, कारण दुसऱ्यांदा हरलो तर मागणीच संपेल (क्युबेकचं उदाहरण प्रश्न १४ मध्ये). एसएनपीच्या आतली बरीचशी भांडणं या दोन गटांतली आहेत. तिसऱ्या गटाला ब्रिटनमध्येच राहायचं आहे, पण लोक मागत असतील तर त्यांना विचारायला हवं, हेही तो मान्य करतो. संख्येने हा गट लहान असेल, मला मात्र तो फार मोलाचा वाटतो. चौथा गट म्हणतो, एकदा झालं, आता पुरे. २०१७ साली ब्रिटिश संसदेच्या संकेतस्थळावर दुसऱ्या सार्वमताच्या विरोधातल्या याचिकेवर दोन लाखांहून अधिक सह्या झाल्या. सार्वमत मागणाऱ्या याचिकेला त्याच्या जवळपासही जाता आलं नाही. अर्थात सह्या सगळ्या ब्रिटनमधून येत होत्या, त्यामुळे तो काही स्कॉटलंडचा कौल नव्हे.

चारही गटांत पसरलेली आणखी एक भावना आहे, थकव्याची. २०१४ ते २०१९ या पाच वर्षांत इथल्या मतदाराने दोन सार्वमतं, तीन सार्वत्रिक निवडणुका आणि हॉलीरूडची एक निवडणूक पाहिली. ‘परत नको’ म्हणणारा प्रत्येक जण लंडनचा भक्त असतो, असं समजू नका.

६. कधी ‘हो’ पुढे, कधी ‘नाही’ पुढे. जनमत चाचण्यांवर विश्वास किती ठेवायचा?

दिशा पाहायची, एकेका आकड्यात अडकायचं नाही. गेल्या काही वर्षांचं ढोबळ चित्र असं, की स्कॉटलंड जवळजवळ मधोमध विभागलेलं आहे. २०२० च्या उत्तरार्धात, कोविडच्या काळात, ‘हो’ सलग पुढे होतं. नंतर पुन्हा अटीतटीची लढत झाली.

ब्रेक्झिटनंतर ‘हो’ने मोठी उडी का मारली नाही, याचं उत्तर बेरीज-वजाबाकीत आहे. युरोपप्रेमी ‘नाही’वाले ‘हो’कडे वळले, हे खरं. पण २०१४ साली ‘हो’ म्हणणाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांनी युरोपातून बाहेर पडायलाही मत दिलं होतं. लंडनपासून मोकळं होऊन ब्रसेल्सला बांधून घेणं त्यांना पटलं नाही आणि त्यातले काही उलट दिशेला गेले. दोन्ही प्रवाह एकमेकांना खात राहिले.

चाचणीचा प्रश्न कसा आहे तेही पाहा (प्रश्न १२).

७. इतक्या शांततेत झालेल्या मतदानाची लोकांना भीती का वाटते?

कारण २०१४ ची आठवण प्रत्येकाच्या मनात सारखी नाही.

‘हो’च्या बाजूने काम केलेल्या माणसाशी बोललात, तर तो त्या उन्हाळ्याबद्दल आयुष्यातल्या सर्वांत चांगल्या दिवसांसारखं बोलतो. गावोगावच्या सभागृहांत चर्चा होत्या, कधीही मत न दिलेली माणसं नाव नोंदवायला रांगेत उभी होती, सोळा वर्षांची मुलं आजीला पेन्शनबद्दल समजावत होती. निकालानंतर ही माणसं घरी बसली नाहीत. काही महिन्यांत एसएनपीचे सदस्य सुमारे २५ हजारांवरून एक लाखाच्या वर गेले. ‘आम्ही ४५’ ही अनेकांची ओळख बनली.

‘नाही’ म्हणणाऱ्या कितीतरी जणांची आठवण याच्या नेमकी उलट आहे. त्यांनी खिडकीत फलक लावला नाही, ऑफिसात बोलले नाहीत. आपण स्कॉटिश कमी ठरतो की काय, असं त्यांना वाटत राहिलं. घरातल्या घरात भाऊ-बहिणी, नवरा-बायको वेगवेगळ्या बाजूंना होते आणि जेवणाच्या टेबलावर तो विषय टाळला जायचा. निकालाच्या दिवशी संध्याकाळी ग्लासगोच्या जॉर्ज स्क्वेअरमध्ये युनियन जॅक घेतलेला जमाव ‘हो’वाल्यांवर धावून गेला, पोलिसांना मध्ये पडावं लागलं. ते दृश्य दोन्ही बाजू विसरलेल्या नाहीत.

म्हणजे एकाच वर्षाच्या आठवणीत एकाला उत्सव दिसतो, दुसऱ्याला सहन केलेला काळ. पहिला पुन्हा मतदान मागतो तेव्हा दुसऱ्याला ते दिवस परत येताना दिसतात. अर्थव्यवस्थेवर कितीही तक्ते मांडले तरी या भीतीला उत्तर मिळत नाही. पुढचं सार्वमत मागणाऱ्यांनी या शांत माणसांशी आधी बोलायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. बोलणं फार कमी झालं.

८. कोण कुठल्या बाजूला असतं?

सर्वांत मोठी दरी वयाची आहे. तरुणांमध्ये ‘हो’ जोरात, ६५ च्या पुढे ‘नाही’ जोरात. जागेप्रमाणेही फरक पडतो. २०१४ साली फक्त चार ठिकाणी ‘हो’ जिंकलं: डंडी (५७.३ टक्के), ग्लासगो, नॉर्थ लॅनार्कशायर आणि वेस्ट डनबार्टनशायर. गोदी, पोलाद आणि कारखाने गेलेले हे भाग. एडिनबराने ६१ टक्के ‘नाही’ म्हटलं. उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवर ‘नाही’ ६७ टक्क्यांवर गेलं, कारण तिथल्या लोकांना एडिनबराही लंडनसारखंच दूर वाटतं. इंग्लंडहून येऊन स्थायिक झालेले लोक बहुसंख्येने ‘नाही’कडे होते.

९. स्कॉटिश सरकार स्वतःच तारीख ठरवून मतदान का घेत नाही?

ठरवली होती. फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांनी जून २०२२ मध्ये १९ ऑक्टोबर २०२३ ही तारीख जाहीर केली आणि त्याच वेळी प्रश्न ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाकडे गेला. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी पाचही न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला: लंडनच्या संमतीविना हॉलीरूडला असा कायदा करता येणार नाही. १९९८ च्या स्कॉटलंड कायद्यानुसार इंग्लंडशी असलेलं ऐक्य हा लंडनकडे राखलेला विषय आहे. हे मतदान केवळ सल्ल्यापुरतं असेल, हा बचावही न्यायालयाने मानला नाही, कारण अशा मतदानाचे राजकीय परिणाम सल्ल्यापुरते राहत नाहीत. स्वयंनिर्णयाचा आंतरराष्ट्रीय हक्क वसाहतींसाठी किंवा दडपलेल्या लोकांसाठी असतो आणि स्कॉटलंड त्यात बसत नाही, असंही त्यांनी सांगितलं.

२०१४ साली हा अडथळा आला नाही, कारण त्याच कायद्याच्या कलम ३० खाली लंडनने तात्पुरता अधिकार दिला होता.

१०. मग लंडन कायमचं ‘नाही’ म्हणू शकतं?

कायद्याने, होय. थेरेसा मे यांनी मार्च २०१७ मध्ये ‘आत्ता ती वेळ नाही’ म्हटलं, बोरिस जॉन्सन यांनी जानेवारी २०२० मध्ये लेखी नकार दिला. पुढच्यांनीही दार उघडलं नाही.

माझ्या मते सगळ्या प्रकरणातली खरी जखम ही आहे. एकत्र राहणं स्वखुशीचं आहे असं म्हणायचं आणि ती खुशी पुन्हा केव्हा तपासता येईल हे सांगायचं नाही, हे धरून नाही. उत्तर आयर्लंडसाठी १९९८ च्या कायद्यात नियम आहे: बहुमत एकीकृत आयर्लंडच्या बाजूने झुकल्याचं दिसलं तर मंत्र्याने मतदान घ्यावं आणि दोन मतदानांत किमान सात वर्षांचं अंतर असावं. त्या नियमातही संदिग्धता आहे, पण नियम आहे. स्कॉटलंडसाठी काहीच नाही. नियम असता तर ‘परत नको’ म्हणणाऱ्यालाही दर निवडणुकीत धास्ती वाटली नसती.

११. निवडणूक जिंकली म्हणजे कौल मिळाला, असं धरता येतं का?

२०११ साली एसएनपीला १२९ पैकी ६९ जागा मिळाल्या, स्वबळावर बहुमत, आणि लंडनने ते मानून २०१४ चं मतदान होऊ दिलं. २०२१ साली एसएनपीला ६४ आणि ग्रीन पक्षाला ८ मिळून ७२ जागा आल्या. दोघांच्या जाहीरनाम्यांत सार्वमत होतं. स्वातंत्र्यवादी म्हणाले, कौल मिळाला. विरोधक म्हणाले, मतांची टक्केवारी पाहा, ती अर्ध्याच्या काठावरच आहे. संसदीय लोकशाहीत सरकारं जागांवर ठरतात, त्यामुळे पहिला दावा मला अधिक भक्कम वाटतो. पण देश मोडण्याचा प्रश्न असेल तर लोक मतंही मोजणार, यातही चूक नाही.

स्टर्जन यांनी मग पुढची सार्वत्रिक निवडणूकच सार्वमत मानू, असं सुचवलं. पक्षातच एकमत झालं नाही आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये स्टर्जन यांनी पायउतार होत असल्याचं जाहीर केलं. जुलै २०२४ मध्ये स्कॉटलंडच्या ५७ पैकी फक्त ९ जागा एसएनपीच्या हाती आल्या. तरी त्या काळात स्वातंत्र्याचा पाठिंबा पक्षासारखा कोसळला नाही. लोक पक्षावर चिडले, मागणी सोडून गेले नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये जॉन स्विनी यांच्या नेतृत्वाखाली पक्ष पुन्हा २०११ च्या निकषाकडे वळला: आमच्या एकट्याच्या ६५ जागा आल्या तर तो कौल समजा.

१२. मतपत्रिकेवरचा प्रश्न बदलला तर निकाल बदलतो का?

बदलू शकतो. २०१४ साली स्कॉटिश सरकारला ‘स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा हे तुम्हाला मान्य आहे का’ असं विचारायचं होतं. ‘मान्य आहे का’ हे शब्द ‘हो’कडे ढकलतात म्हणून निवडणूक आयोगाने ते काढायला लावले. आता काही युनियनवाद्यांना, म्हणजे ब्रिटनमध्येच राहू पाहणाऱ्यांना, ब्रेक्झिटसारखे ‘राहा’ आणि ‘सोडा’ हे पर्याय हवे आहेत. चाचण्यांत असे पर्याय दिले की स्वातंत्र्याचा आकडा खाली येतो. म्हणून बातमीत आकडा वाचला की प्रश्नही वाचा.

१३. मी भारतीय नागरिक आहे, विद्यार्थी व्हिसावर ग्लासगोत आहे. मला मत देता येईल का?

२०१४ साली देता आलं असतं. भारत राष्ट्रकुलात आहे आणि स्कॉटलंडमध्ये कायदेशीर राहणाऱ्या, मतदार यादीत नाव असलेल्या राष्ट्रकुल नागरिकांना त्या सार्वमतात मताधिकार होता, वय १६ पूर्ण असलं की पुरे. उलट, एडिनबरात जन्मून लंडनला राहणाऱ्या स्कॉटिश माणसाला नव्हता. स्वातंत्र्याचे कट्टर पाठीराखे अभिनेते शॉन कॉनरी बहामात राहत असल्यामुळे मत देऊ शकले नाहीत. निकष रहिवासाचा होता, रक्ताचा नव्हता. २०२० पासून हॉलीरूडच्या निवडणुकीत राष्ट्रकुलाबाहेरचे परदेशी रहिवासीही मत देतात. नव्या सार्वमताचे मतदार त्या वेळचा कायदा ठरवेल. नाव मात्र यादीत आत्ताच घाला, कौन्सिलच्या निवडणुकीत ते लागतंच.

१४. क्युबेकचं नाव सारखं का येतं?

कॅनडातल्या क्युबेकने १९८० साली सुमारे ६० टक्क्यांनी ‘नाही’ म्हटलं, १९९५ साली पुन्हा विचारलं तेव्हा ‘नाही’ फक्त ५०.५८ टक्क्यांवर आलं. इतक्या जवळ जाऊनही त्यानंतर तिथे तिसरं मतदान झालेलं नाही. स्कॉटलंडमधल्या सावध स्वातंत्र्यवाद्यांच्या डोळ्यांसमोर हेच असतं.

१५. गोव्याच्या १९६७ च्या जनमत कौलाशी याची तुलना करता येईल का?

थोडी. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात १,७२,१९१ लोकांनी महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला, १,३८,१७० लोकांनी होकार. प्रश्न उलटा होता, जोडण्याचा. पण एक साम्य लक्षणीय आहे. विलीनीकरण मागणारा भाऊसाहेब बांदोडकरांचा मगो पक्ष कौल हरला आणि लगेच झालेली विधानसभेची निवडणूक जिंकला. एसएनपीही २०१४ मध्ये हरली आणि २०१५ मध्ये ५९ पैकी ५६ जागा घेऊन गेली. लोक पक्षाला आणि त्याच्या मुख्य मागणीला वेगवेगळं तोलतात. गोव्यात कौल पुन्हा घेतला गेला नाही. १९८७ साली घटकराज्याचा दर्जा मिळाल्यावर त्याची गरजही उरली नाही.

१६. पौंड, पेन्शन, सीमा यांचं काय?

प्रत्येकावर वेगळं पान लागेल. थोडक्यात: २०१४ साली लंडनने पौंड वाटून घ्यायला नकार दिला आणि ‘हो’ला ते भोवलं. आता स्कॉटिश सरकारचा विचार आधी पौंड, मग स्वतःचं चलन असा आहे. तेलाचा भाव तेव्हा पिंपाला १०० डॉलरच्या आसपास होता, जानेवारी २०१५ मध्ये ५० च्या खाली गेला, त्यामुळे तेलावरची गणितं कोणी छातीठोकपणे मांडत नाही. सीमेचा प्रश्न ब्रेक्झिटने अवघड केला: स्कॉटलंड युरोपीय संघात गेलं आणि इंग्लंड बाहेर राहिलं, तर मालाची तपासणी इंग्लंडच्या सीमेवर येते आणि स्कॉटलंडचा सर्वाधिक व्यापार इंग्लंडशीच आहे.

१७. उद्या मतदान झालं आणि ‘हो’ला ५०.१ टक्के मिळाले तर? साठ टक्क्यांची अट का घालत नाहीत?

२०१४ साली साधं बहुमत पुरेसं होतं. तेव्हा एक मत जास्त चाललं असतं, तर आता साठ टक्के मागणं स्वातंत्र्यवाद्यांना अन्याय वाटणारच. शिवाय स्कॉटलंडने अशी अट एकदा भोगली आहे. १ मार्च १९७९ रोजी स्कॉटिश असेंब्लीसाठी सार्वमत झालं, ५१.६ टक्क्यांनी ‘हो’ जिंकलं. पण एकूण मतदारांच्या ४० टक्के ‘हो’ हवेत, अशी अट कायद्यात घातलेली होती. भरले ३२.९. मतदानाला न आलेला माणूस, यादीत राहून गेलेला मृत माणूस, सगळे ‘नाही’त मोजल्यासारखे झाले. असेंब्ली झाली नाही. चिडलेल्या एसएनपीने सरकारविरुद्ध अविश्वासाला साथ दिली आणि २८ मार्चला जेम्स कॅलहन यांचं सरकार ३११ विरुद्ध ३१०, एका मताने पडलं. पुढे मार्गारेट थॅचर आल्या आणि स्कॉटलंडला स्वतःच्या संसदेसाठी आणखी वीस वर्षं थांबावं लागलं. म्हणून उंबरठ्याची सूचना इथे कोणी केली की वयस्क माणसं लगेच १९७९ चं नाव घेतात, त्यात ‘नाही’ म्हणणारेही असतात.